वाटसरूची विचारपूस

मागल्या मार्गशीर्षात शाळेची सहल घेऊन मी एका नामांकित स्थळी गेलो होतो. स्थळाचे नाव सांगत नाही. सांगितले तर तिथल्या मंडळींना टोचेल, आणि न सांगितले तरी वाचकांपैकी निम्म्यांना ते आपल्याच गावाशेजारचे वाटेल. बेचाळीस पोरे, दोन शिक्षक आणि चिवड्याची एक भली मोठी पिशवी, असा आमचा काफिला होता. फाटकाशेजारी पर्यटकांसाठी उघडलेले माहिती केंद्र होते. आत काचेचे टेबल, भिंतीवर रंगीत चित्रे, आणि टेबलामागे एक सभ्य गृहस्थ. आमच्या पुढे कलकत्त्याकडचे एक वयस्क जोडपे उभे होते. त्यांना वेळा सांगून झाल्या, अंतरे सांगून झाली, गुळगुळीत कागदाची घडी हातात मिळाली. मग त्या बाईंनी विचारले, ‘‘इधर के लोग क्या खाते हैं?’’

गृहस्थ क्षणभर गोंधळले आणि मग प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, ‘‘सब मिलता है, मॅडम. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, सब मिलता है.’’

‘‘वो तो कलकत्ते में भी मिलता है,’’ बाई म्हणाल्या आणि हसून बाजूला झाल्या. थोड्या वेळाने पाहिले, तर दोघे वडाच्या पारावर बसून बिस्किटे खात होती. त्या पाराच्या मागेच, हाकेच्या अंतरावर, एका घरातून चुलीवर भाजलेल्या मिरचीचा ठसका येत होता. माझ्या पोरांपैकी निम्मी खोकत होती.

मी इतिहास शिकवतो. कॉलेजची पायरी चढलेलो नाही. मॅट्रिकच्या बळावर एका लहानशा खाजगी शाळेत उभा आहे. दोनचार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून संपादक दिवाळीत आठवण काढतात, एवढेच. पण इतिहासाची एक खोड माणसाला लागते. कुठलीही गोष्ट बिघडलेली दिसली, की ती पूर्वी कशी होती ते शोधत बसावेसे वाटते. ‘सब मिलता है’ हे उत्तर वाटसरूला आपण केव्हापासून देऊ लागलो? त्याआधी काय देत होतो?

सहा वर्षांपूर्वी वडील गेले, तेव्हा मी अस्थी घेऊन नाशिकला गेलो. रामकुंडावर उतरलो नाही तोच एकाने हटकले, ‘‘कुठले?’’ मी जामनेर तालुका म्हटले. ‘‘गाव? आडनाव?’’ सांगितले. तो मला एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत घेऊन गेला आणि एका जुन्या वाड्याच्या ओटीवर बसवले. आमच्या गावाचे तीर्थोपाध्ये ते. त्यांनी फडताळातून लाल कापडात बांधलेली वही काढली. लांबट, वजनदार, कडा काळवंडलेल्या. पाच मिनिटे पाने उलटली आणि वही माझ्यापुढे सरकवली. शके १८७४, म्हणजे इसवी सन १९५२. माझ्या आजोबांची वेडीवाकडी बालबोध सही! पणजीच्या अस्थी घेऊन ते आले होते. खाली भावांची नावे, मुलांची नावे, आणि त्यांत माझ्या वडिलांचे पाळण्यातले नाव, जे मला ठाऊकच नव्हते. ज्यांच्या अस्थी मी हातात धरल्या होत्या, त्यांचे ते नाव.

मला रडू आले ते तिथे. घरी आले नव्हते.

विधी उरकल्यावर उपाध्ये म्हणाले, ‘‘जेवून जायचं. आणि हे बघा, तुम्हां खानदेशच्या मंडळींना आमचं वरण गुळमट लागतं, म्हणून घरात ठेचा करायला सांगितलाय.’’ पन्नास-साठ पिढीजात गावे ज्यांच्या वहीत आहेत, त्या माणसाला कोणत्या गावाला तिखट लागते हेही ठाऊक होते.

आता विचार करा. माहिती केंद्र म्हणजे आणखी काय असते? नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, हरिद्वार अशा प्रत्येक क्षेत्री हा कारखाना शतकानुशतके चालला. यात्रेकरू आला की प्रथम त्याला प्रश्न: कुठला, कोणाचा, कशासाठी आलास? मग उतरण्याची जागा, मग पानावर वाढलेले जेवण, आणि शेवटी देवाची वाट. हरिद्वारच्या वह्यांची योग्यता अमेरिकेतल्या युटा प्रांतातील वंशावळ-संशोधकांनी ओळखली आणि १९७० नंतरच्या दशकात त्यांच्या सूक्ष्मपटांवर प्रती घेण्याचे काम सुरू केले. आपण मात्र त्या वह्यांकडे भिक्षुकांचा पसारा म्हणून पाहत आलो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले तेव्हा त्यांच्यापाशी नकाशा नव्हता. जिथे ओळखीचे किंवा आपल्या मुलखाचे घर, तिथे मुक्काम आणि तिथेच पुढच्या वाटेची बातमी. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. त्याला प्रवासवर्णन म्हणतात. मला तो माहिती मिळवण्याच्या जुन्या पद्धतीचा दस्तऐवज वाटतो.

इथवर लिहून मी लेखणी खाली ठेवली होती. जुने ते सोने, असा हा लेख सुखाने संपला असता. पण तसा तो संपू नये अशी योजना वर्गातच झाली. नाशिकची ही हकीकत मी नववीच्या मुलांना रंगवून सांगितली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, फारसा न बोलणारा, उठून म्हणाला, ‘‘सर, त्या वहीत आमचं पान असेल का?’’

तो बौद्ध वस्तीतला. काळाराम मंदिराच्या दारापुढे २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षांच्या वर चालला, हे मी त्याच वर्गाला त्याच आठवड्यात शिकवले होते. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांची नावे फळ्यावर अजून पुसलेली नव्हती. रामकुंडापासून ते देऊळ किती दूर आहे? चालत दहा मिनिटे नाही. ज्याला दारातच अडवले, त्याला ‘जेवलास का’ म्हणून कोण विचारणार होते? आमच्या खानदेशात अमळनेरला मास्तरकी केलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरला दहा दिवस उपाशी बसले, तेव्हा कुठे विठ्ठलाचे दार सर्वांना मोकळे झाले. पाहुण्याला जेवू घालणाऱ्या क्षेत्री एका मास्तराला जेवण सोडावे लागले. जिथे दार उघडे होते तिथेही दक्षिणेसाठी अडवणूक चालेच. पंढरपूरच्या बडवे-उत्पातांचे हक्क काढण्याचा कायदा १९७३ सालचा, आणि त्यावरचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून यायला २०१४ उजाडले.

तेव्हा ती पद्धत सोन्याची होती असे मी म्हणणार नाही. तिचा प्रश्न चांगला होता, पण तो सर्वांना विचारला जात नव्हता. त्या मुलाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. घंटा झाली, आणि घंटेचा मी आयुष्यात पहिल्यांदाच आभारी झालो.

आता समुद्रापलीकडे जाऊ. तिकडे ही विचारपूस पैशाच्या वाटेने आली. इंग्लंडात टॉमस कुक नावाचा एक लाकूडकाम करणारा बॅप्टिस्ट प्रचारक होता, दारूबंदीचा कट्टर पुरस्कर्ता. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे आगगाडीने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. निमित्त दारूबंदीची सभा. आजच्या सहलीच्या कंपन्यांचा मूळ पुरुष दारूविरोधी होता, हे आमच्या काही सहलवाल्या मित्रांना सांगितले तर ते मानणार नाहीत. कुकच्या गाडीतल्या गरीब कारागिरांनी त्यापूर्वी आपला गाव फारसा सोडला नव्हता. त्यांना सगळेच ठरवून द्यावे लागे. इथूनच ‘तुम्ही काही विचारू नका, आम्ही सगळे बांधून देतो’ हा प्रकार वाढला. श्रीमंतांसाठी मरे नावाच्या प्रकाशकाच्या मार्गदर्शिका होत्या. आपल्या मद्रास-मुंबई इलाख्यांची मार्गदर्शिका त्यानेच १८५९ साली काढली. ती अर्थातच साहेबांसाठी. कुठले लेणे पाहावे आणि कुठल्या बंगल्यात उतरावे, यासाठी.

फ्रान्सात ग्रनोब्ल नावाचे डोंगरातले शहर आहे. तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि नागरिकांनी मिळून १८८९ साली एक मंडळ स्थापले: आपल्या गावी येणाऱ्याला माहिती द्यायची, गावाची शोभा राखायची. तशी मंडळे मग फ्रान्सभर झाली. सरकारने नव्हे, गावाने काढलेले माहिती केंद्र ते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते आणि पुढे मी तिचा उपयोग करणार आहे.

पण पोटाचा प्रश्न ओळखला तो टायरवाल्यांनी. आंद्रे आणि एदुआर मिशलँ या भावांचा रबरी टायरांचा कारखाना. १९०० साली साऱ्या फ्रान्सात मोटारी तीन हजारही नव्हत्या. मोटारी फिरल्या नाहीत तर टायर झिजणार कसे? म्हणून त्यांनी एक लाल पुस्तिका काढली आणि तिच्या पस्तीस हजार प्रती फुकट वाटल्या. तीनहजार मोटारींना पस्तीस हजार पुस्तके! याला म्हणतात व्यापारी श्रद्धा. टायर कसा बदलावा, पेट्रोल कुठे मिळेल, हेच त्यात मुख्यतः असे. पुढे आंद्रे एका दुकानात गेला, तर टेबलाचा लंगडा पाय त्याच पुस्तकांवर टेकवलेला दिसला, अशी गोष्ट सांगतात. फुकटाची किंमत ही. १९२० पासून पुस्तक विकत झाले. १९२६ साली चांगल्या जेवणाच्या जागेला एक तारा मिळू लागला, १९३१ पासून दोन आणि तीन तारे. तीन ताऱ्यांचा अर्थ असा, की या जेवणासाठीच मुद्दाम प्रवासाला निघावे.

या अर्थातली क्रांती माझ्या उशिरा लक्षात आली. जेवण ही प्रवासातली अडचण राहिली नाही. तेच प्रवासाचे कारण झाले!

आणि या क्रांतीचा खरा शाहीर वेगळाच होता. मोरिस साय्याँ नावाचा एक लठ्ठ, हसरा पत्रकार. टोपणनाव घ्यावे का, या विचारात असताना तो लॅटिनमध्ये स्वतःशी म्हणाला, ‘का नाही?’ आणि तेव्हा रशियाची चलती होती म्हणून पुढे ‘स्की’ लावून मोकळा झाला. क्यूरनॉन्स्की. आपल्याकडे झाला असता तर ‘कानाहीकर’ झाला असता. मार्सेल रूफ या मित्राबरोबर त्याने १९२१ ते १९२८ या काळात फ्रान्सच्या प्रांताप्रांतातल्या जेवणाची अठ्ठावीस पुस्तके प्रसिद्ध केली. पॅरिसच्या मोठ्या हॉटेलांतला नटवा स्वयंपाक सोडून तो खेड्यातल्या खाणावळीत शिरला. कुठल्या गावचा रस्सा, कुठल्या खोऱ्यातले चीज, कुठल्या बाईच्या हातचे बदक. १९२७ साली त्याला खवय्यांचा राजपुत्र म्हणून निवडले. गावची भाजी ही गावच्या देवळाइतकीच पाहण्याची वस्तू आहे, असे त्याने आपल्या लोकांना शिकवले. अशा माणसाला मी इतिहासकार म्हणतो, मग कोणी काही म्हणो.

आपल्याकडे सरकारी पर्यटन जन्मले ते वेगळ्या नक्षत्रावर. १९४५ साली हिंदुस्थान सरकारने एक समिती नेमली आणि तिच्या प्रमुखपदी सर जॉन सार्जंट यांना बसवले. मास्तर मंडळी हे नाव ओळखतात. हेच सार्जंट सरकारचे शिक्षण सल्लागार, आणि हिंदुस्थानातल्या सर्व मुलांना शिक्षण मिळायला चाळीस वर्षे लागतील असे १९४४ साली सांगणारे. त्यांच्या समितीने पर्यटनासाठी स्वतंत्र यंत्रणा आणि मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथे कचेऱ्या सुचवल्या. १९४९ साली वाहतूक मंत्रालयात शाखा निघाली, १९५८ साली स्वतंत्र खाते झाले, १९६६ साली केंद्राचे महामंडळ, १९७५ साली आपल्या महाराष्ट्राचे. सगळे रीतसर झाले. पण डोळ्यांपुढे प्रवासी कोण होता? परदेशातून येणारा, परकीय चलन आणणारा. त्याला आपले तिखट सोसणार नाही, त्याला आपले पाणी बाधेल, ही काळजी. काळजी खोटी नव्हती. पण परक्याला बाधणार नाही असे शिजवता शिजवता सगळ्यांनाच कुठेही शिजणारे मिळू लागले, आणि पाराच्या मागचा ठसका कागदावर यायचा राहिला.

या घसरणीला अपवाद नाहीत असे नाही. महामंडळाने घरगुती न्याहारी-निवासाची योजना काढली, शेतावर पाहुणे ठेवण्याचे धोरण राज्याने २०२० साली केले, आणि कोकणात त्याचा गुण दिसतो. भौगोलिक मानांकनेही आली. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला, भिवापूरच्या मिरचीला आणि आमच्या जळगावच्या भरिताच्या वांग्याला मानांकन मिळाले. वांग्याला सरकारी शिक्का मिळाला. वाटसरूच्या पानात ते अजून पडले नाही.

ज्यांनी हे भरीत खाल्ले नाही त्यांच्यासाठी चार ओळी लिहिल्याच पाहिजेत. फिकट हिरवी, पांढुरक्या रेघांची, हातभर फुगलेली वांगी. ती गॅसवर भाजायची नाहीत. कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून त्यांच्या धगीत शेतातच भाजायची. साले काढून लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणीबरोबर ठेचायची, वर कांद्याची पात, कोथिंबीर आणि शेंगदाण्यांची तेलातली फोडणी. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी किंवा पुरी. थंडीत आमच्याकडे लग्नाची बोलणी, निवडणुकीची बोलणी आणि भांडण मिटवण्याची बोलणी याच पानावर होतात.

आणि आमच्या गावापासून बसने तासाभराच्या आत अजिंठ्याची लेणी आहेत. सारे जग तिथे येते.

२८ एप्रिल १८१९ रोजी कॅप्टन जॉन स्मिथ शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या त्या खोऱ्यात आला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर आपले नाव कोरून गेला. नाव कोरण्याची खोड आमच्या पोरांनी काढली नाही, हे यावरून सिद्ध होते. १८४४ नंतर रॉबर्ट गिल चित्रांच्या नकला करायला आला तो इथलाच झाला. अजिंठा गावात राहिला, वर्षानुवर्षे रंगवत राहिला. त्याच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पारो १८५६ साली वारली. तिची कबर अजिंठा गावात आहे, आणि १८७९ साली वारलेल्या गिलची भुसावळला. आमच्याच मुलखातल्या पळसखेडच्या ना. धों. महानोरांनी या दोघांवर ‘अजिंठा’ हे काव्य लिहिले, तेव्हापासून लेणी पाहणारे मराठी लोक पारोचीही चौकशी करतात. गिल इतकी वर्षे इथे जगला तो काही चित्रांवर जगला नाही. कोणाच्या तरी चुलीवरची भाकरी त्याने खाल्लीच असेल. मी वाचलेल्या पुस्तकांत रंगांची नावे आहेत, भाकरीवाल्यांची नाहीत.

पाचोरा-जामनेर ही आमची अरुंद रुळांची लाडकी गाडी २०२० साली थांबली. तोवर ती पहूर स्टेशनावरून धापा टाकत जाई. आता मोटारी येतात. सकाळी येतात, लेणी पाहून डबे उघडतात, आणि दुपारी जातात. माझा एक जुना विद्यार्थी त्या बाजूला गारगोट्या विकतो. त्याला एकदा धंद्याचे विचारले, तर म्हणाला, ‘‘सर, दगड दहातला एक घेतो. पण दहाही जण मलाच विचारतात. जेवण कुठं चांगलं, पारोची कबर कुठं, इथं राहता येईल का, आणि ती दगडाची पूड चालते का घरात. माहिती केंद्र तर मीच आहे, नुसता पगार नाही.’’

नववीतल्या त्या मुलाचा प्रश्न आणि याचे हे उत्तर, या दोन्हींमध्ये मी बरेच दिवस अडकून राहिलो. शेवटी ग्रनोब्लच्या व्यापाऱ्यांनी केले तेच करावे म्हटले; फक्त आमच्यापाशी व्यापारी नव्हते, नववीचा वर्ग होता. एक जाड वही आणली. अर्धी वही पाहुण्यांची: नाव, गाव, काय पाहायला आलात, काय आवडते, काय चालत नाही, तिखट किती. नाशिकच्या वहीतला एक रकाना तेवढा गाळला, जातीचा. उरलेली अर्धी वही घरांची. कोणाच्या घरी कोणत्या महिन्यात काय शिजते हे मुलांनी आयांना विचारून लिहून आणले. खापरावरचे मांडे, बिबड्या, शेवेची भाजी, डाळ-बट्टी, भरीत. पाहुण्यांकडून पैसे घेऊ नयेत, असे माझे भाबडे मत होते. एका मुलाची आई म्हणाली, ‘‘मास्तर, वांगी फुकट येतात का?’’ दर ज्याने त्याने लिहावा असे ठरले. वही गारगोटीवाल्याच्या मित्राच्या चहाच्या टपरीवर ठेवली.

फार काही झाले असे समजू नका. पहिल्या महिन्यात पाच पाहुणे आले. पुण्याच्या एका कुटुंबाने लिहिले, की जेवण उत्तम, पण संडासाला कडी नाही. अगदी खरे होते. दुसऱ्या दिवशी कडी लागली. एकाला भरीत तिखट लागले आणि त्याने तसे मोठ्या अक्षरांत लिहिले. दोन घरांत पाहुण्यांवरून अबोला झाला, तो मिटवायला आम्हांला भरिताचेच जेवण घालावे लागले. पाऊस लांबला त्या वर्षी वांगी किडली, तेव्हा वहीवर सरळ ‘यंदा भरीत नाही’ असे लिहिले. ‘सब मिलता है’ लिहिले नाही, याचे मला बरे वाटले.

मग एके दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास टपरीसमोर एक गाडी थांबली. श्रीलंकेचे सात भिक्खू. त्यांच्या वाटाड्याला कुठेतरी दोन वाजता जेवण मिळणार होते, आणि तो घाईत नव्हता. योगायोगाने त्या दिवशी रविवार, आणि टपरीवर आमचा तो मागच्या बाकावरचा मुलगा बसलेला. त्याने घड्याळ पाहिले आणि सायकल काढली. वाटाड्याला ठाऊक नव्हते, टपरीवाल्याला ठाऊक नव्हते, आणि खरे सांगतो, मलाही ठाऊक नव्हते, की भन्ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत. त्याच्या घरी ठाऊक होते. वस्तीतल्या चार चुली एकदम पेटल्या. पावणेबाराला सातही जण चटईवर बसून कळण्याची भाकरी, मूगडाळ आणि मिरची निम्म्यावर आणलेले भरीत खात होते. मुलाची आजी दारात हात जोडून उभी होती, असे मला नंतर कळले; मी पोहोचलो तेव्हा पाने उचलली गेली होती.

जाताना त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या भिक्खूंनी वही मागून घेतली आणि पानभर लिहिले. गोल गोल, सुंदर अक्षर. कुणाला वाचता येत नाही. वाचून घ्यायला कोणाकडे तरी पाठवावे असे मी दोनदा म्हणालो, पण पोरगा वही हातातून सोडत नाही. ती आता भरली आहे, नवी आणायला हवी. जुनी कुठे ठेवायची हा प्रश्न निघाला तेव्हा तो म्हणाला, की आमचं घर स्लॅबचं आहे, पावसाळ्यात गळत नाही. ती त्याच्याच घरी आहे, आजीच्या पेटीत, लाल फडक्यात बांधलेली. त्या गोल अक्षरांच्या पानावर फोडणीच्या तेलाचा एक डाग पडलेला आहे.